सर्वांत खालचा बेंच

दात पक्का आहे. तक्रार दाताची नाही.
खाण सुटली तेव्हाच्या हिशेबाच्या पैशांतून बसवलेला,
कडक उंड्याची पाठ त्याने मोडली,
सुक्या बांगड्याचं डोकं मोडलं,
सहा महिन्यांत एकदा कुरकुरला नाही.
तक्रार हिरडीवरच्या पुळीची, मुगाएवढी,
आणि पहाटे तोंडात येणाऱ्या लोखंडाच्या चवीची.
लोखंड मी ओळखतो. एकतीस वर्षं
डिचोलीच्या लाल मातीत ड्रिल चालवलंय.

म्हापशात, माडीवरच्या दवाखान्यात
डॉक्टर ग्लेनिस कुलासो पडदा माझ्याकडे फिरवते.
"हांगा पळय, गावसबाब."
पांढरा स्क्रू, आटे मोजता येतील असे,
आणि त्याच्या टोकाशी, अगदी बुडाला,
काळं वर्तुळ:
पाणी साचलेला पिट
ऑफिसातल्या नकाशावर दिसायचा तसा.

वर सगळं ठीक आहे, ती म्हणते,
हिरडी घट्ट, मानेपाशी हाड घट्ट.
बिघाड खालून सुरू झालाय.
जुना दात काढला तेव्हा मुळाशी काही राहिलं असेल,
वर हाड भरून आलं, ते आत झोपून राहिलं.
नाहीतर शेजार.
शेजारच्या दातावर ती बर्फाची काडी टेकवते.
"थंड लागता?"
ना.
पुन्हा टेकवते.
ना.
कधी दुखला नाही म्हणून ज्याला मी शहाणा समजत होतो
तो मेलेला निघाला.
कधी मेला, कळवलंसुद्धा नाही.

शेजार म्हटलं की मला बाबली मयेकराची विहीर आठवते.
आमचा पिट त्याच्या कुळागरापासून दोन शेतं दूर.
आम्ही खाली गेलो, एक बेंच, आणखी एक बेंच
(शाळेतला नव्हे, खाणीच्या पोटातली पायरी,
जिच्यावरून ट्रक उतरतात)
आणि एका मे महिन्यात त्याच्या विहिरीचा तळ दिसला.
त्याने घागर आणून माझ्या ड्रिलसमोर ठेवली.
रिकामी. बोलला काही नाही.
मी सुपरवायझरकडे बोट दाखवलं,
सुपरवायझरने वर.
वर सगळं ठीक होतं.

मेलेल्या शेजाऱ्याची नळी आधी साफ झाली, दोन खेपांत.
मग गुरुवारी खिडकी. हा शब्द तिचाच.
हिरडी उचलायची, हाडात चौकोनी भोक पाडायचं,
आतलं खरवडायचं, स्क्रूचं टोक कापून टाकायचं,
पोकळीत हाडाची पूड भरून टाके.
"अख्खा उपटला तर?" मी विचारलं होतं.
"कित्याक? बाकीचा हाडाने धरलाय."

"दुखलें जाल्यार हात वयर कर."
हात वर करायचं काम खाणीवर माझं होतं:
लाल बावटा, तीन शिट्ट्या, लांब भोंगा,
रस्त्यावरची माणसं थांबवायची, गुरं हाकलायची,
मग स्फोट.
इथे ड्रिल तिच्या हातात. पाण्याची बारीक धार,
तिच्या चष्म्यावर उडालेले लाल शिंतोडे,
जबड्यात तीच घरघर, लहान मापाची.
डोळे मिटले तर शिफ्ट चालू.

दुखत नव्हतं. तरी हात वर गेला.
ती थांबली. "कितें जालें?"
तोंडात कापूस, नळी, तिची दोन बोटं.
काय सांगणार होतो मी? की आधी बघून घे,
दोन शेतं पलीकडे कोणी उभं आहे का?

टाके दहा दिवसांनी. तोवर पेज, थंड करून.
बिडी नाही. वर्तुळ भरायला सहा महिने, कदाचित वर्ष,
कदाचित भरणारही नाही, ते पडद्यावरच कळेल.

डिचोलीच्या बसमध्ये शेजारी बाबलीची सून येऊन बसली.
माझा सुजलेला गाल बघून म्हणाली, "कितें जालें?"
बोलता येत नव्हतं.
बोट दाखवलं, ह्या वेळी माझ्याकडेच.
ती थोडा वेळ बघत राहिली,
मग वारा लागू नये म्हणून
माझ्या अंगावरून हात लांबवून
तिने खिडकीची काच सरकवली.